काळं टोपण

माझ्या टेबलावरच्या पेनांच्या डब्यात तळाशी एक काळं प्लास्टिकचं टोपण आहे. हरभऱ्याहून थोडं मोठं, आतून आटे पाडलेलं. लाल पेन शोधताना ते बोटाला लागतं आणि मी हात मागे घेते. वह्या तपासायच्या राहिल्या असल्या तरी मग थोडा वेळ नुसतीच खिडकीबाहेर बघत बसते. खिडकीतून आमचं फाटक दिसतं, फाटकापलीकडे रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला सुट्टीच्या दिवसांत एकीला एक चिकटून उभ्या असलेल्या गाड्या. ते टोपण त्यांच्यातल्याच एका गाडीच्या चाकाचं आहे. ते मी काढलं होतं.

२०२४च्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता आणि म्हापशाला डॉक्टरांकडे अकरा वाजता दाखवायचं होतं. गोव्यातल्या आमच्या मांद्र्याहून म्हापसा एरवी पाऊण तासाचं, पण नाताळ ते नववर्ष या आठवड्यात आम्ही कुठंही जायचं तर दुप्पट वेळ धरतो. साडेनऊला सासूबाई काळा चष्मा लावून, धुतलेलं पातळ नेसून, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या. मी गाडी काढायला फाटक उघडलं तर समोर एक पांढरी गाडी आडवी. नीट आडवी, जणू आमच्या फाटकाच्या मापानेच आणलेली. एमएच १०, म्हणजे सांगलीकडची. काचेतून आत बघितलं, मागच्या सीटवर मानेची उशी, एक शाल, भडंगाचं अर्धं पाकीट. मी आमच्या गाडीचा हॉर्न वाजवला, बराच वेळ वाजवला. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला, बाकी कुणी आलं नाही. मालक शोधायला किनाऱ्यावर जावं तर तिथे हजारभर माणसं, त्यातली सांगलीची कुठली ओळखू? हे मडगावला गेले होते. पोलिसांना फोन केला, पाठवतो म्हणाले. दवाखान्यात फोन केला, साडेबारापर्यंत आलात तर बघतील म्हणाले. पावणेअकरा वाजले. उन्हं ओट्यावर चढली तशी सासूबाईंनी खुर्ची मागे सरकवून घेतली. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी बहुधा ते केलं नसतं.

मी पुढच्या चाकाशी बसले, टोपण फिरवून काढलं आणि फाटकाच्या कुलपाची चावी आतल्या पिनेवर दाबून धरली. हवा सुटताना एवढी गार लागते हे मला माहीत नव्हतं. बोटांना गारठा आला, रबराचा वास आला आणि आवाज, चिरका, न थांबणारा. चाक हळूहळू बसत गेलं, कडेचं रबर रस्त्यावर पसरलं. ओट्यावरून सासूबाईंनी विचारलं, "कसला गो आवाज?"

"काही नाही, आई," मी म्हटलं.

अठ्ठावीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवते. दुसऱ्याच्या कंपासपेटीतला खडू न विचारता घेतला म्हणून पोरांना उभं केलेलं आहे.

माझं माहेर हरमलचं, अगदी किनाऱ्याला लागून. आम्ही मासेमारी करणारे नव्हे, पण घराला लागूनच रांपणकारांचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांचा, मांगर होता. झावळ्यांनी शाकारलेला, आत जाळी, दोर, आणि मासळी-मीठ-डांबराचा एकत्र वास. तो वास आईच्या धुतलेल्या कपड्यांनासुद्धा यायचा आणि ती कधी कुरकुरली नाही. रांपण ओढायला दोन्ही टोकांना मिळून चाळीस-पन्नास माणसं लागत. ओढून झाली की वांटे पडत, आणि मदतीला हात लावलेल्या पोरांनाही दोन-चार बांगडे मिळत. पण मला आता आठवतात त्या होड्या. प्रत्येक होडीची वाळूवरची जागा ठरलेली होती. पाटी नाही, रेघ नाही, तरी कुणाची होडी कुणाच्या जागी गेली असं झालं नाही. पावसाळ्याआधी होड्या माडांखाली ओढून घेत आणि झावळ्यांखाली झाकून ठेवत. आमच्या भाटाच्या, म्हणजे माडांच्या बागेच्या, कोपऱ्यात दोन होड्या असायच्या. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी होडीचा मालक ओट्याच्या पायरीशी येऊन बाबांना विचारायचा, यंदा ठेवू का म्हणून. बाबा म्हणायचे, ठेव. मी एकदा विचारलं, दरवर्षी ठेवतात तर दरवर्षी विचारतात कशाला? बाबा म्हणाले, विचारतो म्हणून तर ठेवतो. तेव्हा ते मला मोठ्या माणसांचं उगाच बोलणं वाटलं.

आणि फेरी. शिवोली-चोपड्याचा पूल व्हायच्या आधी म्हापशाला जायचं म्हणजे फेरीबोट. धक्क्यावर रांग लागायची, दोन-चार मोटारी, एखादा ट्रक, मग मोटरसायकली, मग पायी माणसं आणि कोंबड्यांच्या टोपल्या. फेरीवाला हाताने खुणा करून गाड्या चढवायचा. इकडून मोठी, तिकडून छोटी, मध्ये मोटरसायकली. फळी उचलली की उरलेल्यांनी पुढच्या खेपेची वाट बघायची. बाळंतीण असली, देवाची पालखी असली, मयतीला निघालेले असले की त्यांना पुढे सोडत आणि कुणी तोंड वर करत नसे. आम्ही त्या फेरीला फार शिव्या घातल्या आहेत. पूल झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले, आणि पूल हवाच होता, माझी धाकटी जाऊ त्याच पुलावरून वेळेत दवाखान्यात पोचली. पण आज मागे वळून बघताना वाटतं, फेरी होती तोवर आमच्या किनाऱ्यावर एका वेळी किती गाड्या याव्यात हे नदी ठरवत होती. पूल झाला आणि ते ठरवणारं कुणी उरलं नाही.

मग २०२३च्या ५ जानेवारीला मोपाचा विमानतळ सुरू झाला, तोही आमच्याच पेडणे तालुक्यात. २०११च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती, आणि सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४ या एका वर्षात इथे १ कोटीहून जास्त पर्यटक आले. ते सगळे काही एका दिवशी येत नाहीत, सगळे आमच्याकडेही येत नाहीत. तरी मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल हा किनाऱ्याचा रस्ता ज्याने बघितला आहे त्याला कळेल. हा रस्ता बैलगाडीच्या वाटेवर डांबर टाकून झालेला आहे. दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या गडग्या, गडग्यांपलीकडे माड, तुळशीवृंदावनं, विहिरी. कुठल्याच वळणाला समोरचं दिसत नाही. त्यात एका बाजूने गाड्या लावल्या की उरतं ते एका गाडीपुरतं, आणि त्यावरून दोन्हीकडून येणार. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या गाड्या तर चालवणाऱ्यालाही नीट माहीत नसतात, ते मागे घेताना गडगी खरवडतात. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल तेवढी अजून सगळ्यांतून वाट काढत येते, पों पों करत. पण परवा तोही म्हणाला, बाई, आता सकाळी सहाच्या आत आलो तरच पाव गरम पोचतो.

किनाऱ्यापाशी पैसे देऊन गाडी लावायची जागा आहे. गोव्यात बाजाराचा सोपो, म्हणजे बसायचा कर, गोळा करायचा हक्क पावणी, म्हणजे लिलाव, करून दिला जातो हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्यांचा वाटा मांडून बसलेल्या बाईकडून पावती फाडून पैसे घेणारा माणूस म्हणजे सोपोवाला. गाड्यांच्या पार्किंगचंही तसंच, पावणीत जो जास्त बोलेल तो घेतो आणि हंगामभरात गुंतवलेले पैसे वसूल करतो. त्या जागेवर शिट्टी घेऊन उभा असतो तो माझा जुना विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. गणितात हुशार, शुद्धलेखनात आनंद. मी एकदा पाहुण्यांना घेऊन गेले तेव्हा त्याने चिटबुक मागे लपवलं. "बाई, तुमच्याकडून कसले घेऊ?" मला ओशाळल्यासारखं झालं. त्याच्याकडे बघत मी अर्धा तास उभी राहिले. तो गाडी थांबायच्या आधीच सांगतो, ही दहा मिनिटांची, ही संध्याकाळपर्यंतची. मी विचारलं, कसं कळतं? म्हणाला, "बाई, बायका केस बांधत उतरल्या की जातात लवकर, फोटो काढून. चटई आणि बर्फाचा डबा निघाला की दिवस गेला. आणि म्हातारं माणूस असेल तर ते उतरतच नाही, गाडीतच बसतं, म्हणून ती गाडी मी सावलीत घेतो." लवकर जाणाऱ्या तोंडाशी, दिवसभराच्या आत, मधली वाट कायम मोकळी, कारण एखाद्याला समुद्रात काही झालं तर रुग्णवाहिका आत यायला हवी. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. फेरीवरचा तो हाताने खुणा करणारा माणूस याचा आजा होता, हे मला घरी आल्यावर आठवलं.

त्याच्या जागेत साठ गाड्या बसतात. एकसष्टावी येते तेव्हा तो हात आडवा करतो, आणि ती गाडी वळून आमच्या वाड्यात शिरते.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला मोकळेपणी सांगितलेलं नाही. या पैशांतले काही आमच्याही घरात आले आहेत. रस्त्याला लागून आमचं दोन हजार चौरस मीटरचं शेत आहे, सासऱ्यांनी आयुष्यभर केलेलं. सरदीचं, म्हणजे पावसाळी, भात कापून झालं की ते पूर्वी कुळथासाठी, चवळीसाठी ठेवत. सासरे गेले, माणसं मिळेनात, वायंगण, म्हणजे हिवाळी पीक, बंद झालं, नुसतं सरद उरलं. तीन वर्षांपूर्वी माझ्या दिराने कागदावर हिशेब मांडला. बांधकामवाल्यांच्या हिशेबात उघड्यावर एक गाडी लावायला, वळायच्या वाटेसकट, २३ चौरस मीटर लागतात. म्हणजे आपल्या शेतात ऐंशी-पंच्याऐंशी गाड्या. गाडीमागे शंभर रुपये धरले तर भरल्या दिवशी आठ हजार. त्याने समोर भाताचा हिशेब मांडला, नांगरणी, बियाणं, खत, लावणीची मजुरी, कापणी, आणि खाली बेरीज केलीच नाही, करायची गरज नव्हती. मी विरोध केला का? नाही. मुलाची इंजिनिअरिंगची फी भरायची होती. नोव्हेंबरात भात कापलं आणि डिसेंबरात बांधाचा एक तुकडा फोडून गाड्यांना वाट केली. दोन महिने रोज संध्याकाळी दीर पैशांचा डबा आणून देवापुढे ठेवायचा. सुकलेल्या खुंटांवरून चाकं गेली की कुरकुर आवाज यायचा, रात्री झोपेतसुद्धा यायचा.

जूनमध्ये पाऊस पडला तेव्हा पाणी जिरेना. चाकांनी जमीन दाबून दगडासारखी केली होती, पॉवर टिलर दोन वेळा घालावा लागला. लावणीला पलीकडच्या वाड्यावरच्या बायका दरवर्षी येतात, त्या आल्या. चिखलात ओणवं होऊन गाणं सुरू केलं. तिसऱ्या ओळीला त्यांतली सगळ्यात मोठी, जिला मी काकी म्हणते, ती एकदम थांबली आणि एका पायावर उभी राहिली. चिखलातून पाय वर काढला तर टाचेतून रक्त. हिरवी काच होती, बिअरच्या बाटलीची. आम्ही शेत झाडून घेतलं होतं, दोनदा घेतलं होतं, पण चाकाखाली फुटून जमिनीत गेलेली काच कोण वेचणार? विहिरीवर मी तिचा पाय धुतला. पाण्यात चिखल आणि रक्त मिसळून गेलं. ती मला उलट समजावत होती, "काय नाही गो, एवढंसं तर लागलं." त्या दिवशी बाकीच्या बायका चपला घालून शेतात उतरल्या. भाताच्या शेतात चपला घालून उतरलेली माणसं मी जन्मात पहिल्यांदा बघितली. पुढच्या हिवाळ्यात आम्ही बांध परत घातला. दीर वर्षभर माझ्याशी नीट बोलला नाही आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्याला दोन मुली आहेत, पगार नाही. बांध घातल्याने गाड्या कमी झाल्या नाहीत, त्या ऐंशी गाड्या रस्त्यावर आल्या. सांगलीची गाडी आमच्या फाटकापुढे लागली याला आमचा तो बांधही कारण आहे.

पार्किंगची मोठी इमारत बांधा म्हणणारे भेटतात. किनाऱ्याजवळ ती होणार नाही आणि होऊ नये. १९९१ साली सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांना आळा घालणाऱ्या नियमांची, पहिली अधिसूचना आली तेव्हापासून आमच्यासारख्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरांत नवं पक्कं बांधकाम करता येत नाही. नियम मोडणारे दिसतात, पण नियमाला अर्थ आहे. मोरजी आणि आश्व्याच्या वाळूत थंडीच्या दिवसांत कासविणी येतात, एकेक शंभरच्या आसपास अंडी पुरून समुद्रात परत जाते. वनखात्याची माणसं भोवती जाळी लावतात. दीडेक महिन्याने पिल्लं निघतात ती उजेडाच्या दिशेने धावतात, कारण अंधारात समुद्रच तेवढा उजळ असतो. एका फेब्रुवारीत आम्ही मुलांना पहाटे घेऊन गेलो होतो. वाळूवरच्या रेघोट्या समुद्राकडे जाण्याऐवजी वर रस्त्याकडे गेलेल्या होत्या, जिथे रात्री गाड्या दिवे लावून उभ्या असतात. मुलं खाली वाकून त्या रेघांमागे चालत गेली. रेघा रस्त्याच्या कडेला संपत होत्या. एका मुलीने विचारलं, "बाई, मग ती गेली कुठे?" मी त्यांना शाळेत परत घेऊन आले.

म्हणजे माणसं येऊ नयेत असं माझं म्हणणं आहे का? नाही. आमच्या देवळाच्या जत्रेला एका रात्रीत तिप्पट-चौपट माणसं येतात. सावंतवाडीकडून, वेंगुर्ल्याकडून, बेळगावकडून येतात. ओट्या भरतात, पहाटेपर्यंत दशावतार बघतात. त्या रात्री कुणाचं फाटक अडत नाही. वाड्यावरचे पंधरा-वीस पोरगे बॅटऱ्या घेऊन प्रत्येक वळणावर उभे असतात. एक शाळेच्या मैदानात पाठवतो, दुसरा माळावर, तिथून देवळापर्यंत चालत यायचं. चालणारे कुरकुरत नाहीत, वाटेत खाजेवाले, फुलवाले भेटतात. म्हातारी माणसं, पोटुश्या बायका यांच्या गाड्या तेवढ्या देवळाच्या पाठीमागे येऊ देतात. कुणाच्या अंगणात गाडी लावायची झाली तर पोरगा आधी घरात डोकावतो. "काकी, एक गाडी लावतो हां." काकी आतून म्हणते, लाव बाबा, वाळवणावर नको घालू. जुन्या गोव्याला सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला आणि त्याआधीच्या नोव्हेनांना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांना, चालत जाणारी माणसं मी बघितली आहेत, तिथेही गाडी दूरच ठेवावी लागते आणि चालण्यातच अर्धं पुण्य आहे असं म्हणतात. मग नाताळच्या आठवड्यात हे का जमू नये? माळावर जागा आहे. माळ ते किनारा फेऱ्या मारायला छोट्या बस ठेवता येतील, आमच्याच पोरांना पगार देता येईल, अपंग आणि म्हाताऱ्यांना खाली सोडता येईल. भरलं की भरलं, पुढच्या खेपेला या, हे सांगणारा माणूस पुलापाशी उभा करता येईल. ग्रामसभेत मी हे दोनदा बोलले आहे. पहिल्यांदा लोकांनी ऐकलं. दुसऱ्यांदा एकाने विचारलं, बाई, पगारदारांचं ठीक आहे, ज्याच्या अंगणात चार गाड्या लागून घर चालतं त्याने काय करायचं? त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मला माझं शेत आठवत होतं.

त्या शनिवारी सांगलीची माणसं चार वाजता आली.

मी खिडकीतून बघत होते. चाळिशीचा एक माणूस, त्याची बायको, एक मुलगा, आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून पाय ओढत येणारी आजी. पाय घोट्यापासून सुजलेले, चपला हातात. त्याने चाक बघितलं. मला वाटलं होतं तो ओरडेल, मी उत्तरं तयार ठेवली होती, सासूबाईंचा डोळा, चुकलेली वेळ, सगळं. तो खाली बसला आणि टायरवरून हात फिरवत खिळा शोधायला लागला. बराच वेळ शोधला. बायको म्हणाली, टोपण कुठे पडलं बघ. मुलगा रस्त्यावर टोपण शोधायला लागला. ते माझ्या ड्रेसच्या खिशात होतं. मी बाहेर गेले. आजी फाटकाच्या खांबाला टेकल्या होत्या. मला बघून त्यांनी हात जोडले.

"ताई, तुमचं दार अडवलं का ओ? सकाळी दोनदा हाक मारली. आतनं मिक्सरचा आवाज येत होता, म्हटलं घरातलं माणूस कामात असेल. माझ्या पायामुळं पोरानं इथं लावली. फाटकाला चिठ्ठी अडकवलीय की फोन नंबरची."

आठ वाजता मी चटणीसाठी खोबरं वाटत होते. चिठ्ठी मी बघितली नव्हती. फाटक उघडलं तेव्हा मला फक्त गाडी दिसली होती.

मी आजींना ओट्यावर बसवलं, सोलकढी दिली. सासूबाई आणि त्या लगेच डोळ्यांच्या ऑपरेशनवर बोलायला लागल्या, त्यांचेही दोन्ही डोळे झाले होते. शेजाऱ्यांकडून मी पायपंप आणला. तो माणूस आणि मी आळीपाळीने पाय मारत होतो. "राहू दे ताई, तुम्ही कशाला," तो म्हणत होता आणि मी मारत होते. सुटलेली हवा परत भरायला किती वेळ लागतो! घाम आला, पोटऱ्या भरून आल्या, चाक हळूहळू उठलं. सांगावं, आता सांगावं, असं प्रत्येक दहा ठोशांमागे वाटत होतं. जाताना त्यांनी उरलेलं भडंग दिलं. "सावकाश चाललेलं पंक्चर असेल, वाटेत बघतो," तो म्हणाला. रात्री कोल्हापूरच्या घाटात त्यांचं चाक कसं असेल याचा विचार करत मी जागी होते. काहीच झालेलं नव्हतं त्या चाकाला. तरीही.

सासूबाईंना सोमवारी डॉक्टरांनी तपासलं, डोळा छान होता. घरी येताना गाडीत त्या म्हणाल्या, "हवा सोडल्याचा आवाज मला कळतो गो. सायकली होत्या आमच्याकडे." एवढंच. परत तो विषय त्यांनी काढला नाही.

चिठ्ठी मला फेब्रुवारीत सापडली, फाटकाच्या खांबाशी असलेल्या जास्वंदीच्या बुडाशी. वाऱ्याने पडली असेल. शाळेच्या वहीचा फाडलेला कागद, दवाने सुरकुतलेला, शाई पसरलेली, पण आकडे वाचता येत होते. मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं, "आजीला चालता येत नाही म्हणून गाडी इथे लावली आहे. अडचण झाली तर लगेच फोन करा. येतो." 'अडचण'मधला 'ण' त्याने आधी 'न' काढून मग खोडून नीट केला होता. मी तो कागद इस्त्री करून सरळ केला आणि टोपणाबरोबर डब्यात ठेवला.

काल रात्री लिहायला बसले तेव्हा इथवर आले होते. आज रविवार, सकाळी सात वाजताच रस्त्यावर हँडब्रेक ओढल्याचे आवाज सुरू झाले. मी कागद काढला, चष्मा लावला आणि नंबर फिरवला. चार वेळा वाजल्यावर कुणीतरी उचलला, मागे कुकरची शिट्टी, एक बाई कुणाला तरी अंघोळीला हाक मारत होती.

"नमस्कार," मी म्हटलं. "मी गोव्याहून बोलते, मांद्र्याहून. तुमच्या गाडीचं एक टोपण माझ्याकडे आहे."